माळ घातली, पण औषध कोण देणार?

आमच्या परभणी जिल्ह्यात सप्ताहाचा शेवटचा दिवस म्हणजे काल्याचा दिवस. कीर्तन संपत आले म्हणजे बुवा विचारतात, "आज दारू सोडणारा कोणी मायेचा पूत आहे काय?" मग गर्दीतून दोन-चार माणसे खाली मान घालून पुढे येतात. बुवा त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ घालतात, गाव टाळ्या वाजविते, आणि बायकांच्या बाजूस कोणीतरी पदराने डोळे पुसते. हा देखावा ज्याने पाहिला असेल त्याला ह्या गोष्टीची थट्टा करण्याची बुद्धी होणार नाही. आम्ही गेली वीस वर्षे खेड्यातील शाळांवर आहोत. माळेने सावरलेली घरे आम्ही बोटांवर मोजून दाखवू शकतो. तेव्हा आजचा आमचा लेख माळेविरुद्ध नाही, हे आधीच सांगून ठेवतो. आमचा लेख माळ घातल्यानंतरच्या तिसऱ्या दिवसाविषयी आहे.

काही वर्षांमागे आमच्या शाळेच्या गावी असाच काला झाला. माळ घालणाऱ्यांत आमच्या चौथीच्या वर्गातील एका मुलाचा बाप होता. गडी ऊसतोडीला जाणारा, अंगाने धट्टाकट्टा, पण सकाळी पव्वा पोटात गेल्याशिवाय त्याच्या हाताचे कापरे थांबत नसे. त्याने माळ घातली तेव्हा गावाने आम्हाला दोन शब्द बोलावयास लावले. आम्हीही मोठ्या तोंडाने बोललो की, "मनाचा निश्चय झाला म्हणजे सारे होते." लोकांनी टाळ्या दिल्या.

दुसऱ्या दिवशी त्याचे सर्वांग थरथरू लागले, घाम फुटला, पोटात अन्न ठरेना. लोक म्हणाले, दारू निघते आहे, निघू द्या. त्या रात्री त्याला फेफरे आले. तिसऱ्या दिवशी त्याला भिंतीवरून मुंग्यांच्या रांगा अंगावर येताना दिसू लागल्या, मेलेल्या भावाशी तो बोलू लागला, बायकोला ओळखीना. मग गावाचे निदान बदलले. हे बाहेरचे आहे, असे ठरले. देवऋषी आला, लिंबू कापले, मिरच्यांची धुरी दिली, गड्याला बाजेस बांधून ठेवले. चौथ्या दिवशी पहाटे कोणाला तरी जीप आणण्याची बुद्धी झाली. ती जीप तालुक्यापर्यंत पोहोचण्यापूर्वीच गडी गेला.

आठवड्याने ते पोर शाळेत आले. मधल्या सुट्टीत जवळ येऊन विचारू लागले, "गुरुजी, बाबानं चोरून पिली म्हणून माळेनं मारलं का?" गावात तशी बोलवा उठली होती. त्याच्या बापाने थेंब घेतला नव्हता. तो दारूने मेला नाही, देवाच्या कोपानेही मेला नाही. दारू एकाएकी तोडल्यावर जे औषध द्यावयास पाहिजे ते कोणी दिले नाही म्हणून मेला. त्या टाळ्या वाजविणाऱ्यांत आणि भाषण करणाऱ्यांत आम्हीही होतो. अध्यापक विद्यालयात आम्हाला बालमानसशास्त्र शिकविले, फळा कसा लिहावा ते शिकविले, पण ही गोष्ट कोणी शिकविली नव्हती. पुढे डॉक्टर लोकांस विचारून आणि वाचून ती आम्ही समजून घेतली. ती आमच्या वाचकांस सांगणे हे आम्ही आमच्यावरचे कर्ज समजतो.

वाचकहो, बैलगाडी उतारावरून चालली असता गाडीवान मागे रेटा देऊन ती आवरतो, हे आपण रोज पाहतो. दारूचे तसेच आहे. दारू मेंदूला खाली दाबते, सुस्त करते. रोज सकाळ-संध्याकाळ पिणाऱ्याचा मेंदू त्या दाबाविरुद्ध जास्तीचा रेटा देण्यास शिकतो, आणि वर्षानुवर्षे तो रेटा देत राहतो. एके दिवशी दारू एकदम काढून घेतली म्हणजे दाब जातो, पण रेटा तसाच राहतो. मग मेंदू चवताळतो. सहा-आठ तासांत हात कापू लागतात. पहिल्या दोन दिवसांत फेफरे येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना वात होतो, नसलेल्या गोष्टी दिसतात, ताप चढतो, नाडी धावते. हा वात उपचारावाचून राहिला तर जीव घेतो. ह्यात भूत नाही, करणी नाही. हा शरीराचा हिशेब आहे.

आणि ह्यावरचे औषध काही विलायतेहून मागवावे लागत नाही. मेंदूचा चवताळलेला रेटा हळूहळू उतरविणाऱ्या गोळ्या आहेत. त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली चढत्या-उतरत्या मापाने पाच-सात दिवस द्याव्या लागतात. दारुड्याच्या अंगात 'ब-१' जीवनसत्त्वाचा दुष्काळ पडलेला असतो. त्याची इंजेक्शने द्यावी लागतात, नाहीतर डोके कायमचे बिघडू शकते. नुसती सलाईनची बाटली लावली म्हणजे झाले, असे समजू नये. औषधे स्वस्त आहेत, जुनी आहेत. महाग आहे ती फक्त आमची समजूत.

सगळ्याच पिणाऱ्यांना हा धोका असतो असे नव्हे. पण जो सकाळी उठल्याबरोबर पितो, न मिळाल्यास ज्याचे हात कापतात, ज्याला मागे कधी फेफरे आले होते, त्याने डॉक्टरांस विचारल्यावाचून एका रात्रीत दारू तोडू नये. निश्चय काल्याच्या दिवशी करावा. पण त्या निश्चयाची पहिली पायरी दवाखान्याची असावी. एवढेच आमचे म्हणणे आहे.

आता कोणी म्हणेल की, "गुरुजी, दारुड्याला रोगी म्हणून तुम्ही त्याला डोक्यावर बसविता. त्याने बायकोला मारावे, जमीन गहाण टाकावी, आणि आम्ही त्याला फळे घेऊन भेटावयास जावे काय?" ह्या शंकेत अर्थ आहे. मारहाण हा गुन्हा आहे, आणि तो दारूच्या नावावर माफ होत नाही. पण गुन्ह्याची शिक्षा आणि रोगाचा उपचार ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चोराचा पाय मोडला तर आपण त्याला खटल्यावर पाठवितो आणि पायालाही पट्टी बांधतो. शिवाय उपचार झाला तर पहिला फायदा होतो तो मार खाणाऱ्या बाईचा आणि शाळा सोडून पव्वा आणावयास पिटाळल्या जाणाऱ्या पोराचा. ह्या पोरांची नावे आमच्या हजेरीपटावर आहेत. आम्हाला त्यांच्या बापाची कीव कमी आणि त्यांची अधिक येते.

समाजाचा न्यायही पाहण्यासारखा आहे. शहरात मोठ्या माणसाने प्यावी तर ती 'पार्टी', आणि आमच्या गड्याने प्यावी तर ते 'व्यसन'. मोठा माणूस आजारी पडला तर गुपचूप पुण्या-मुंबईच्या दवाखान्यात जातो. आमचा गडी मात्र देवऋषीच्या धुरीत गुदमरतो. २०१९ साली केंद्र सरकारने दिल्लीच्या एम्स संस्थेकडून करविलेल्या देशव्यापी पाहणीचा अहवाल आला. त्यात असे दिसले की, दारूच्या पुरत्या आहारी गेलेल्या अडतीस माणसांपैकी एकालाच कसलीतरी मदत मिळते. आणि दवाखान्यात दाखल होऊन उपचार मिळतो तो एकशे ऐंशींत एकाला. ३८ घरांत एक! बाकीच्या ३७ घरांनी काय करावे? नशिबाला बोल लावावा?

ह्या अज्ञानावर जगणारे धंदेही निघाले आहेत. "रोग्याच्या नकळत दारू सोडवा", असे भिंतीवर रंगविलेले दिसते. बिचारी बाई भाजीत पूड कालविते. दारूची शिसारी आणणारे 'डायसल्फिराम' नावाचे खरे औषध आहे, पण ते रोग्याला सांगून, त्याच्या संमतीने आणि तपासूनच द्यावयाचे असते. हे औषध अंगात असता माणूस दारू प्याला तर तोंड लाल होते, उलट्या होतात, रक्ताचा दाब घसरतो, आणि प्रसंगी जीवही जातो. न सांगता दिलेल्या पुडीत काय आहे हे ती विकणाराच जाणे. आमच्या बहिणींना हात जोडून सांगणे आहे की, असल्या पुड्यांवर मोलमजुरीचा पैसा घालू नका आणि नवऱ्याच्या जिवाशी खेळ करू नका.

आता दुकानाकडे वळू. रोगी बरा करून पुन्हा गुत्त्याच्या दारात सोडला तर काय उपयोग? आमचा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता, आणि तेव्हाही आबकारी हे खजिन्याचे एक मोठे उत्पन्न होते. राज्ये बदलली, पण आबकारीची गोडी बदलली नाही. महाराष्ट्र सरकारला दारूवरील करापासून वर्षाला वीस हजार कोटींच्या वर उत्पन्न होते. २०२५ च्या जूनमध्ये कर वाढविताना आणखी १४ हजार कोटी मिळतील असा अंदाज धरला गेला. जोतीराव फुले पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० साली शहरातील दारूची दुकाने वाढलेली पाहून त्यांनी नगरपालिकेच्या अधिकाऱ्यांस पत्र लिहिले होते की, ह्याने लोकांच्या नीतीची व आरोग्याची हानी होते. तो प्रश्न आजही तसाच उभा आहे. ज्या पव्व्यावर सरकार कर घेते, त्याच पव्व्याने पडलेल्या माणसासाठी तालुक्याच्या दवाखान्यात चार खाटा आणि एक जाणता डॉक्टर ठेवता येत नाही काय? गरिबाच्या घशातून काढलेल्या पैशाचा एक वाटा गरिबाच्या उपचाराला मिळावा, ही भीक नव्हे. ही मागणी रास्त आहे, आणि ती आमच्या लोकांनी ग्रामसभेत ठराव करून मागितली पाहिजे.

दुकान बंद करण्याचे एक हत्यार मात्र आमच्या माय-बहिणींच्या हाती आहे. २००८ च्या सरकारी नियमाप्रमाणे गावातील किंवा वॉर्डातील चौथा हिस्सा स्त्री-मतदारांनी सह्यांचा अर्ज केला म्हणजे पडताळणी होऊन गुप्त मतदान घेता येते. चिठ्ठीवर एक उभी बाटली असते आणि एक आडवी बाटली. निम्म्याहून अधिक बायकांनी आडवी बाटली केली तर दुकानाला कुलूप लागते. पण इथे एक मेख आहे, ती नीट ध्यानात ठेवावी. निम्म्या म्हणजे आलेल्यांपैकी नव्हे, तर यादीतील एकूण नावांपैकी. म्हणजे जी बाई घरी बसली तिचे मत उभ्या बाटलीलाच पडल्यासारखे होते. आता आमच्या गंगाखेड, सोनपेठ, पालम ह्या भागांतील वाड्या-तांड्यांकडे पाहा. दिवाळी झाली की टोळ्याच्या टोळ्या ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात निघून जातात, आणि पाडव्याच्या सुमारास परततात. मधल्या काळात मतदान लागले तर अर्ध्या बायका उसाच्या फडात, आणि गावातील लढाई न लढताच हरली! म्हणून अर्ज अशा बेताने करावा की मतदान पावसाळ्यात, सगळी माणसे गावात असता, पडेल. तारीख ठरविणे सरकारच्या हाती असले तरी अर्जाची वेळ आपल्या हाती आहे.

दारूबंदीने हातभट्टी वाढते, असा आक्षेप आहे. तो अगदीच खोटा नाही. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या चळवळीने १९९३ साली बंदी झाली. चंद्रपुरात २०१५ साली झाली आणि २०२१ साली चोरट्या विक्रीचे कारण देऊन सरकारने ती उठविली. ह्यावरून आम्ही असे समजतो की, नुसता कायदा कागदावर राहतो आणि तो राखणारे गाव जागे असेल तरच टिकतो. गडचिरोलीत बंदीनंतरही डॉक्टर अभय व राणी बंग यांच्यासारख्यांनी काम सोडले नाही. तेथे २०१६ पासून 'मुक्तिपथ' ह्या नावाने गावोगावच्या लोकांना जागे करणे आणि व्यसनी माणसास उपचार देणे ही दोन्ही कामे एकत्र चालविली गेली. ही जोडी आम्हाला महत्त्वाची वाटते.

कारण दुकान बंद होते त्या दिवशी काय होते ह्याचा विचार कोणी करीत नाही. ज्या गावात रोज सकाळी पिणारे वीस गडी आहेत, तेथे कुलूप लागल्याबरोबर वीस जणांचे हात एकदम कापू लागतात. २०२१ च्या एप्रिलमध्ये टाळेबंदीत दारूची दुकाने मिटली तेव्हा यवतमाळ जिल्ह्यातील वणी येथे हात धुण्याचे सॅनिटायझर पिऊन सात माणसे मेली. ती काही मरणाची हौस नव्हती. ती शरीराची तडफड होती. म्हणून आडव्या बाटलीचा विजय झाला की गुलाल उधळण्याच्या आधी दवाखान्याची गाडी गावात बोलवावी. बंदी आणि उपचार ही एका गाडीची दोन चाके आहेत. एक चाक काढून गाडी ओढणाऱ्याने बैलाला दोष देऊ नये.

शरीरातली दारू उतरल्यावर पुढचे काम सुरू होते, आणि ते लांबचे आहे. पुण्यात १९८६ साली डॉक्टर अनिता अवचट व अनिल अवचट यांनी 'मुक्तांगण' काढले. ब्राऊन शुगरच्या आहारी गेलेल्या तरुणांना पाहून ते निघाले, आणि पुढे दारूच्या रोग्यांनाही त्याचा आधार झाला. तेथे औषधाबरोबर गटात बसून मोकळे बोलणे, अंगमेहनत, घरच्या माणसांना समजाविणे आणि घरी गेल्यावर पाठपुरावा, ह्यांवर भर असतो. अमेरिकेत १९३५ साली दोन मद्यपी माणसांनी एकमेकांस सावरत 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' सुरू केले. त्याचे मर्म एवढेच की, पिणे सोडलेला माणूस दुसऱ्या पिणे सोडलेल्याजवळ बसतो आणि आजचा दिवस काढतो.

वाचकांनी विचार करावा, ही गोष्ट आम्हाला परकी आहे काय? माळकऱ्याला संध्याकाळी भजनी मंडळात बसावे लागते. गुत्त्यावरची संगत सुटते, टाळ-पखवाजाची संगत मिळते. जो वेळ पव्व्याकडे ओढतो तोच वेळ भजनात जातो. माळेचे खरे बळ ह्या संगतीत आहे. म्हणून आम्ही म्हणतो की माळ राहू द्या, पण तिच्या आधी डॉक्टर आणि तिच्या नंतर संगत असू द्या. आणि एखादा गडी दोन महिन्यांनी घसरला तर "माळ बाटविली" म्हणून त्याला वाळीत टाकू नका. खोकल्याचा रोगी पुन्हा खोकला तर आपण त्याला पापी म्हणत नाही. पुन्हा उठविण्यासाठीच तर संगत असते.

आता काय करावे ते थोडक्यात सांगतो. सप्ताह ठरला की पंधरा दिवस आधी भजनी मंडळाने माळ घालणाऱ्यांची नावे गोळा करावी. आशाताईंना बरोबर घेऊन त्यांना प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासावे; सकाळपासून पिणारा असेल तर परभणीच्या जिल्हा रुग्णालयात मानसोपचाराच्या डॉक्टरांस दाखवावे. परभणीस २०२३ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालयही निघाले आहे. तेथे आमच्या लोकांनी हक्काने जावे. माळ घातल्यावर पहिले पाच दिवस एक जाणते माणूस रात्रंदिवस जवळ असावे. फेफरे, भ्रम, ताप, ओळख न पटणे, ह्यांपैकी काहीही दिसले तर देवऋषी नको, लिंबू नको. १०८ ची गाडी बोलवावी. सल्ला पाहिजे असेल तर नशामुक्तीचा १४४४६ आणि मनाच्या आजारांसाठी १४४१६ हे सरकारी फोन आहेत. त्यांस पैसा पडत नाही. हे आकडे शाळेच्या, सोसायटीच्या व मंदिराच्या भिंतीवर ऑइलपेंटने लिहून काढावे. आमच्या शाळेच्या भिंतीवर आम्ही ते लिहिले आहेत.

कीर्तनकार बुवांनाही आमची नम्र विनंती आहे. आपला शब्द गाव ऐकते. आमचा शब्द वर्गातली पोरेच ऐकतात. येत्या सप्ताहात माळ घालताना एवढेच विचारावे, "डॉक्टरला दाखवून आलास काय?" त्याने नाही म्हटले तर त्याला परत पाठवू नये, पण माळेबरोबर त्याचा हात एका शहाण्या माणसाच्या हाती द्यावा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दोघांना दवाखान्याच्या वाटेला लावावे. ह्याने माळेचा मान उणा होणार नाही.

त्या पोराला आम्ही त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. नुसते डोक्यावरून हात फिरविला. आज सांगतो : बाळ, तुझ्या बापाने माळ मोडली नव्हती. त्याने आपला शब्द पाळला. आम्ही गावकऱ्यांनी आमचे काम केले नाही.

— खेड्यातील एक शिक्षक, जिल्हा परभणी